फेटा दुकानाचा

फोटोग्राफरच्या दुकानात माणूस दोनदा येतो. पहिल्यांदा तो स्वतःच्या पायांनी येतो, आरशासमोर उभा राहून भांग पाडतो, "नीट काढा हं!" असं बजावतो आणि पैसे देताना घासाघीस करतो. दुसऱ्यांदा त्याला दुसरं कोणीतरी वहीच्या पानात गुंडाळून आणतं. या खेपेला तो काहीच बोलत नाही. बरोबरची माणसंच बोलतात. "हा मोठा करा, मढवून द्या, आणि तेराव्याच्या आत द्या." पन्नास वर्षांच्या धंद्यात तेरावं पुढं ढकललेलं मी पाहिलं नाही. त्यामुळे लग्नाचे अल्बम सहा-सहा महिने रखडवणारा मी, तसबीर मात्र कायम वेळेवर देत आलो.

चौकट घालण्याला आपण 'मढवणं' म्हणतो. ढोलकी मढवतात, देव्हारा चांदीनं मढवतात, तसाच फोटोही मढवतात. शब्दात वाईट काही नाही. पण दुकानात बसून तो दिवसातून वीस वेळा ऐकला की त्यातलं 'मढं' तेवढं ऐकू यायला लागतं. माझ्या वडिलांना हा धंदा मुळीच पसंत नव्हता. "जिवंत माणसाला उलटं बघायचं आणि मेलेल्याला चुका ठोकायच्या, हा काय धंदा झाला?" असं ते म्हणत. जुन्या खड्या कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो हे मीच त्यांना कौतुकानं दाखवलं होतं, ते असं अंगाशी आलं. पुढं त्यांनाही मीच मढवलं. बारा बाय पंधरा, सागवानी पट्टी. पैसे लावले नाहीत.

माझं दुकान धुळ्यात. आमच्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे नवख्या माणसानं पत्ता विचारला तर त्याला पाढा म्हटल्यासारखं उत्तर मिळतं. दुकानाच्या पुढच्या भागात मढवण्याचा पसारा: पट्ट्या, काचा, काच कापायचा हिरा, बारीक चुका आणि पाठीला लावायचे पुठ्ठे. मागच्या भागात स्टुडिओ. स्टुडिओत एक कोट होता, फक्त पुढून इस्त्री केलेला. एक टाय होता, इलॅस्टिकचा. बांधून तयार असलेला एक फेटा होता. एक टेलिफोन होता, त्याची वायर टेबलाखालीच संपत असे. आणि पडद्यावर रंगवलेलं एक तळं होतं, राजहंसासकट. पांझरेला पाणी नसे तेव्हाही आमच्या तळ्याला असे.

त्याच्या मागे डार्करूम. खानदेशातल्या मे महिन्यात डार्करूममध्ये बसणं म्हणजे काय, हे ज्याला भट्टीतल्या भांड्याचं मन कळतं त्यालाच कळेल. पाणी तापलं की फिल्मवरचा थर मऊ पडतो आणि साध्या बोटानं गिऱ्हाइकाचं नाक घसरून हनुवटीवर येतं. म्हणून ट्रेखाली बर्फ ठेवावा लागे. बर्फवाल्याची कित्येक वर्षं समजूत होती की माझा मागच्या खोलीत उसाच्या रसाचा चोरटा धंदा आहे.

असा सगळा थाट असला तरी धुळ्यात हा धंदा करायला एक नैतिक अडचण होती. तिचं नाव इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी आमच्या गावात वारले. आयुष्यभर हा माणूस गावोगावच्या वाड्यांतून आणि माळ्यांवरून जुनी दफ्तरं धुंडाळत फिरला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं त्यांनी बावीस खंड काढले. त्यांच्या मागे १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं, ते अजून आहे. अस्सल कागद हातात असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा, असा तो सगळा बाणा. आणि तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर मी बसलो होतो, एका हातात निगेटिव्ह, दुसऱ्या हातात शिसपेन्सिल.

रिटचिंग ही काय चीज होती हे आता सांगावं लागेल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची सुरकुती तिथं पारदर्शक रेघ होऊन येते. ती टोकदार पेन्सिलीनं अलगद भरली की छापलेल्या फोटोतून सुरकुती नाहीशी होते आणि माणूस दहा वर्षांनी लहान होतो. वैद्यांना च्यवनप्राशानं जे साधलं नाही ते आम्हाला एच.बी. पेन्सिलीनं साधत असे. राजवाड्यांनी एखाद्या मोडी कागदावरचा शाईचा डागसुद्धा पुसला नसता. मी गावातल्या निम्म्या गालांवरचे देवीचे व्रण पुसले.

मला याची टोचणी होती का? सुरुवातीला होती. मग एक लग्न झालं आणि ती गेली.

झालं असं की एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. "जरा उजळ येऊ द्या, भाऊ," असं हळूच म्हणाले. मुलगी उजळ आली. पुढं दोनेक महिन्यांनी जळगावचे एक गृहस्थ, धुळ्यात भावाकडे आले होते ते, मुलाला घेऊन आले. मुलाला पंचविशीतच कपाळ फार झालं होतं. "केस जरा दाट दिसतील असं बघा." केस दाट दिसले. आणि एके दिवशी दोन्ही घरांकडून मला एकाच लग्नाच्या दोन पत्रिका आल्या. मी लग्नाला गेलो तो पाय लटपटतच. अंतरपाट बाजूला झाला की दोन्ही पक्ष अक्षता टाकून माझ्याकडे वळणार, अशी माझी खात्री होती. पण मुलीच्या वडिलांनी मला मानानं पंगतीला बसवलं आणि वाढता वाढता म्हणाले, "अहो, फोटोवर कोण जातं? फोटो म्हणजे अर्ज. बघायचं ते कांदेपोह्यांना बघून घेतलं आम्ही." पुढं त्यांच्या नातवाचा फोटोही मीच काढला. रंग आईचा, कपाळ बापाचं. दोन्ही अस्सल.

त्या पंगतीत मला माझं तत्त्वज्ञान सापडलं. जे खोटं सगळ्यांना ठाऊक असतं ते खोटं नव्हे, तो रिवाज. या तत्त्वज्ञानावर मी पुढं बरीच वर्षं सुखानं जेवलो.

त्या काळात खेड्यापाड्यांत कित्येकांचा जन्मभरात एकही फोटो निघत नसे. माणूस गेला की मग घरच्यांच्या लक्षात येई. कोणीतरी सायकल हाणत येई, आणि आम्ही भिंतीला टेकवून बसवलेल्या माणसाचा फोटो काढत असू. मग दुकानात येऊन प्रिंटवर बारीक ब्रशानं त्याचे डोळे उघडायचे. डोळे उघडण्याचे पाच रुपये जादा. सावित्रीला हा दर माहीत असता तर ती बिचारी यमाच्या मागे एवढी चालली नसती.

आता हसू येतं, पण त्या वेळी ती माणसं तो फोटो दोन्ही हातांनी धरून नेत. मी खोटे डोळे उघडले हे त्यांना माहीत असे, कारण डोळे मिटले तेव्हा ती तिथंच होती. तेव्हा हाही रिवाजच. माझं तत्त्वज्ञान शाबूत राहिलं.

१९७८ च्या उन्हाळ्यात एक बाई आली. साक्रीकडच्या एका खेड्यातली, पन्नाशी उलटलेली. एसटीनं आली होती आणि पदराआड एक ग्रुप फोटो होता, गावातल्या सोसायटीच्या उद्घाटनाचा. चाळीस-पन्नास माणसं. शेवटच्या रांगेत तिनं बोट ठेवलं. "हाऊ शे ना, भाऊ." बोट उचलल्याशिवाय मला काही दिसेना, कारण तो चेहरा मुगाच्या डाळीएवढा होता. बोट उचलल्यावर दिसला तोही अर्धाच. उरलेला अर्धा पुढच्या रांगेतल्या सरपंचांच्या फेट्यामागे होता. एक डोळा, अर्धं नाक, अर्धी मिशी आणि तोंडाचा एक कोपरा. तो कोपरा जरासा वर उचललेला.

"याना मोठा फोटू करी दे."

नवरा जाऊन महिना झाला होता. दुसरा फोटो नव्हता.

अशी कामं नको म्हणायची असतात. पण मी तेव्हा तिशीतला होतो आणि तिशीतल्या माणसाला अवघड काम दिसलं की ते नैतिक आहे का हा प्रश्न सुचत नाही, जमेल का एवढाच सुचतो. मी तो अर्धा चेहरा मोठा केला. मग निगेटिव्ह उलटी घालून त्याच अर्ध्याची उलटी प्रत काढली आणि दोन अर्धी जोडली. झाला पूर्ण चेहरा. कान मात्र कुठल्याच अर्ध्यात नव्हते. म्हणून मी निरोप धाडला, घरातलं कोणी जवळचं पुरुष माणूस पाठवा. धाकटा भाऊ आला. दोघा भावांचं बांधावरून सात वर्षं बोलणं नव्हतं, हे त्यानं खुर्चीवर बसण्याआधीच मला सांगून टाकलं. "अन् आता माझे कान पाहिजेत!" मी म्हटलं, "नको असेल तर राहू द्या." तो थोडा वेळ पडद्यावरच्या राजहंसाकडे बघत बसला. मग टोपी काढून म्हणाला, "घ्या. माझं काय जातंय?" आणि फोटो काढून होईपर्यंत त्यानं दोन वेळा डोळे पुसले. कानांचाच फोटो असल्यामुळे बिघडलं नाही.

मान आणि सदराही भावाचाच घेतला. डोक्यावर काय घालायचं हा प्रश्न होता. फेटा दुकानाचा घातला.

आठ दिवसांनी बाई आली. मी तसबिरीवरचा कागद काढला आणि बाजूला झालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग "आसाच व्हता" असं म्हणाली, पदराची गाठ सोडून पैसे मोजले आणि तसबीर कडेवर लेकरू घ्यावं तशी घेऊन गेली. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून मिसळ खाल्ली. माणसाला अशी संध्याकाळ आयुष्यात दोन-चारदाच मिळते, आणि ती फुगवून सांगायची असते म्हणून मी ती गावभर सांगितली.

कोणी शंका काढलीच तर मी चाळीसगावकडे बोट दाखवत असे. धुळ्याहून रेल्वेनं निघालं की गाडी चाळीसगावापाशी मुंबईच्या मुख्य लाइनीला मिळते. तिथं स्टेशनाजवळच्या एका बंगल्यात केकी मूस राहत. १९१२ सालचा जन्म, विलायतेत जाऊन फोटोग्राफी शिकलेले. परत आले आणि घरात जे बसले ते जवळजवळ पन्नास वर्षं फारसे बाहेर पडलेच नाहीत. दिवसभर मुंबई-दिल्लीच्या गाड्या घराजवळून धडधडत जात, आणि त्या गर्दीत हा माणूस बेटावर राहावं तसा राहत होता. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव फार मोठं. टेबलटॉप म्हणजे टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तू मांडायच्या आणि उजेड असा पाडायचा की बघणाऱ्याला वाटावं हा डोंगर, हे रान, ही पहाट. "त्यांना कोणी खोटारडा म्हणतं का?" मी विचारत असे. "मग मी तर निदान अर्धा माणूस खरा वापरला!"

हा युक्तिवाद अकरा वर्षं टिकला.

१९८९ च्या दिवाळीआधी ती बाई पुन्हा आली. आता ती आजी झाली होती. नातवाचा शाळेसाठी फोटो हवा होता. नातू राजहंसाकडे बघत असताना ती माझ्या काउंटरपाशी उभी राहिली आणि अगदी सहज, पाऊस कसा काय म्हणून सांगावं तसं सांगू लागली. तिचं बोलणं सगळं अहिराणीत होतं. मी अर्थ सांगतो. पूर्वी डोळे मिटले की तो दिसायचा. विहिरीवर दिसायचा, बैल सोडताना दिसायचा. रोज तसबिरीला हार घालते, रोज बघते. हल्ली डोळे मिटले की तो दिसत नाही. "आते तुना फोटूच दिसस."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आजी, फोटो चांगला आलाय ना पण?"

चांगला आलाय, ती म्हणाली. पण तो एकाच बाजूनं हसायचा. फोटोत दोन्ही बाजूंनी हसतो. आणि आता कुठल्या बाजूनं हसायचा ते आठवत नाही.

तक्रार नव्हती. तिनं नातवाच्या फोटोचे पैसे दिले, दोन रुपये सोडायला लावले आणि गेली.

त्या रात्री मी डार्करूम उलटीपालटी केली. त्या ग्रुपवरून काढलेली निगेटिव्ह मिळाली असती तर कुठला अर्धा खरा ते लगेच कळलं असतं. पण जुन्या निगेटिव्हमधल्या चांदीसाठी भंगारवाला त्या किलोवर घेत असे आणि मी त्या दोन-तीन वर्षांपूर्वीच विकल्या होत्या. सोसायटीचा तो ग्रुप वाळवीनं खाल्ला होता, असं पुढं निरोप पाठवल्यावर कळलं. राजवाड्यांच्या गावात राहून मी अस्सल कागद रद्दीत घातला होता आणि नक्कल सागवानी पट्टीत बसवली होती.

तेव्हापासून माझं तत्त्वज्ञान मला पुन्हा तपासावं लागलं. लग्नाच्या फोटोत खोटं होतं, पण अस्सल माणूस समोर बसलेला होता. कांदेपोह्यांच्या बशीपुढं फोटोचं काही चालत नाही. तुकोबांचं घ्या. तुकोबा कसे दिसत हे पाहिलेलं कोणी शिल्लक नव्हतं. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला, त्यात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि पुढं मी मढवलेल्या कितीतरी तुकोबांना पागनीसांचा चेहरा होता. त्यात कोणाचं काही गेलं नाही, कारण कोणाजवळ काही नव्हतंच. आजीजवळ मात्र होतं. तिच्याजवळ अख्खा माणूस होता, बैलांसकट. मी त्याच्यावर अर्ध्या माणसाची दुप्पट करून चिकटवली.

आमच्याच भागातली एक जुनी गोष्ट आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्यानं लेण्यांत वर्षानुवर्षं बसून मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल नंतरही इकडेच राहिला, लेण्यांचे फोटो काढले, १८७९ मध्ये वारला. भुसावळला त्याची कबर आहे. त्याची कोणालाही दया येईल. पण मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्या नकला जळाल्या आणि अस्सल भिंती राहिल्या. माझी नक्कल राहिली आणि भिंत गेली.

तुम्ही म्हणाल, अहो, अकरा वर्षांत ती तशीही विसरलीच असती. माणूस विसरतो. विसरली असती कदाचित. हेच मीही स्वतःला रात्री दोन-दोन वाजता सांगितलं आहे. पण आपोआप पुसलं जाणं निराळं आणि मी पुसणं निराळं. पांझरेच्या पुरात घर गेलं तर माणूस नदीला बोल लावत नाही. शेजाऱ्यानं पाडलं तर लावतो.

दोनच महिन्यांनी, १९८९ च्या ३१ डिसेंबरला केकी मूस गेले. राजवाडे गेले त्याच तारखेला, त्रेसष्ट वर्षांनी. पुढं कधीतरी मी त्यांचं घर बघून आलो. गावात त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मुंबईला कोणी एक होती, 'पंजाब मेलनं येईन' असा शब्द तिनं दिला होता, आणि ते रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवून दोघांचं जेवण मांडून वाट बघत. खरं असेल, नसेलही. गावानंसुद्धा थोडं रिटचिंग केलं असेल. पण त्या घरातून बाहेर पडताना मला दोन गोष्टी कळल्या. टेबलावरचा डोंगर बघणाऱ्याला तो टेबलावरचा आहे हे सांगितलेलं असतं; 'टेबलटॉप' या नावातच टेबल आहे. आणि ती गोष्ट खरी असेल तर तो माणूस पन्नास वर्षं थांबला तो माणसासाठी. फोटोग्राफर असून तसबिरीवर भागवलं नाही त्यानं.

मग मी असली कामं सोडून दिली का? तसा प्रयत्न केला. एकदा एक बाप आला होता. तीन वर्षांची मुलगी गेली होती, फोटो नव्हता. चुलत बहिणीच्या फोटोवरून करून द्या म्हणाला. मी त्याला नीट समजावून नाही म्हटलं, अगदी तत्त्वज्ञानासकट. तो मुकाट्यानं ऐकून गेला. दहा दिवसांनी दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातून तसाच फोटो करून घेऊन माझ्याकडेच मढवायला आला. म्हणाला, "मढवण्याला तर हरकत नाही ना, भाऊ?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला माझ्या तत्त्वज्ञानाची लाज वाटली. चांगलं होण्यासाठी मी दहा दिवस त्या माणसाला वणवण करायला लावली होती.

तो फोटो मढवताना मला मार्ग सापडला. मी नुसता फोटोग्राफर असतो तर सापडला नसता. मढवणाऱ्याला सापडला, कारण तसबिरीला दोन बाजू असतात हे फक्त मढवणाऱ्याला माहीत असतं. पुढची बाजू गिऱ्हाइकाची. तिथं त्याला हवं ते. पण काचेच्या मागे फोटो, फोटोच्या मागे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याची आतली बाजू कोणाचीच नसते. मी त्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं: 'चेहरा चुलत बहिणीचा.' आणि चुका ठोकल्या.

तेव्हापासून तो नेमच पडला. 'डोळे नंतर उघडले.' 'मिशी एका बाजूची, दुसरी काढलेली.' 'कोट दुकानाचा, टाय दुकानाचा, टेलिफोन खोटा.' एका पुढाऱ्याच्या तसबिरीमागे तर पुठ्ठा पुरला नाही. ज्या पेन्सिलीनं दहा-पंधरा वर्षं पुढून पुसत होतो तिनंच आता मागून लिहू लागलो. लबाडी आहेच ही. खरं सांगायचं, पण अशा जागी की ऐकायला कोणी नसावं! पण राजवाड्यांना कागद कुठं मिळाले? लोकांनी निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या जागीच ना? उद्या एखादा तसला माणूस निघाला आणि त्यानं खानदेशातल्या तसबिरी उघडायला घेतल्या, तर त्याची सोय करून ठेवली आहे.

आता दुकान मुलगा चालवतो, मी नुसता बसतो. पेन्सिल गेली, बर्फ गेला. अर्ध्या चेहऱ्याचा अख्खा चेहरा आता मोबाईल दोन मिनिटांत करतो. परवा एकानं मला त्याच्या वारलेल्या आईचा फोटो दाखवला. आई मान हलवत होती, हसत होती, पापण्या मिटत होती. मी मोबाईल उलटा करून बघितला. मागे पुठ्ठा नव्हता.

आणि हे सगळं आज सांगायचं कारण असं की मागल्या महिन्यात आजीचा नातू आला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. तो नाशिकला कामाला असतो. घर रंगवताना तसबीर पडली, काच तडकली, म्हणून घेऊन आला होता. मी ती लगेच ओळखली. फेटा अजून ऐटबाज दिसत होता.

"आजोबांना मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "पण आजी म्हणायची, कान तुझ्यासारखेच. बघा ना!"

मी बघितलं. खरंच तसेच होते. चुलत आजोबांचे असले तरी त्याच घराण्याचे. शिवाय बांधावरचं भांडण त्या कानांच्या दिवशीच मिटलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. ते मात्र मी सांगितलं. म्हणजे कान कोणाचे तेही सांगावं लागलं. मला वाटलं, आता हा गप्प होईल, तसबीर उचलेल आणि जाईल. तो थोडा वेळ फोटोकडे बघत राहिला आणि मग हसला.

हसताना त्याच्या तोंडाचा डावा कोपरा तेवढा वर गेला.

पाठीचा पुठ्ठा कसरीनं खाल्ला होता. मी नवा कापला, पेन्सिलीला टोक केलं आणि त्याच्यासमोरच लिहिलं: 'अर्धा चेहरा मूळ, अर्धा त्याचीच उलटी प्रत. कान धाकट्या भावाचे. फेटा दुकानाचा. हा माणूस एकाच बाजूनं हसत असे. कुठल्या, ते माहीत नाही. नातू डाव्या बाजूनं हसतो.'